घरच्या बागेचे बियाणे: रंगीत पाकिटे, कृषी विद्यापीठांचे वाण आणि गावठी बी

ज्या पाकिटावर पिकाचे नाव आहे पण वाणाचे, म्हणजे त्या पिकाच्या विशिष्ट जातीचे, नाव नाही, ते पाकीट घरच्या बागेसाठी घेऊ नये, हे माझे मत मी आरंभीच नोंदवते. पुण्यातील एका गच्चीवर कुंड्या, ग्रो बॅगा आणि विटा रचून केलेल्या उथळ वाफ्यांत मी काही वर्षे भाज्या आणि मोसमी फुले बियांपासूनच वाढवत आले आहे, आणि या काळात तीन प्रकारचे बियाणे माझ्या हातून पेरले गेले: ऑनलाइन मिळणारी अनेक भाज्यांची एकत्रित रंगीत पाकिटे, कृषी विद्यापीठांनी व संशोधन संस्थांनी विकसित केलेल्या वाणांचे बियाणे, आणि बचत गटांच्या किंवा बीज महोत्सवांच्या स्टॉलवर मिळणारे गावठी बी. हे परीक्षण त्या तिन्हींचे आहे. खत, माती किंवा कुंड्यांच्या निवडीत मी फारशी शिरणार नाही, कारण उत्तम माती भरूनही बियाणे चुकीचे निघाले तर संपूर्ण हंगाम वाया जातो, आणि घरच्या बागेत ही गोष्ट लक्षात येईपर्यंत दोन महिने उलटलेले असतात.

प्रथम रंगीत पाकिटांविषयी. एका पेटीत तीस, चाळीस किंवा त्याहून अधिक प्रकारच्या भाज्या आणि फुले, प्रत्येकाच्या दहा-वीस बिया, पाकिटावर तजेलदार छायाचित्र, असे त्यांचे स्वरूप असते. नव्याने बाग सुरू करणाऱ्याला हा संच मोहक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मी मागवलेल्या अशा एका संचात भेंडीच्या पाकिटावर केवळ ‘भेंडी’, मिरचीवर ‘तिखट मिरची’ आणि झेंडूवर ‘झेंडू, मिश्र रंग’ एवढेच छापलेले होते. बियाण्याची चाचणी केव्हा झाली, उगवणक्षमता किती, लॉट क्रमांक (बियाण्याच्या त्या साठ्याचा क्रमांक) कोणता, यांपैकी काहीही पाकिटावर नव्हते. ब्रोकोली, लेट्यूस आणि पॅन्सी ही थंडीची पिके भेंडी आणि दोडक्याच्या शेजारी एकाच सूचनापत्रकात, एकाच पेरणीकाळासह दिलेली होती. मे महिन्यात हा संच घेणारा माणूस लेट्यूसच्या बिया उन्हाळ्यात पेरतो, त्या रुजत नाहीत, कारण लेट्यूसचे बी जास्त उष्णतेत सुप्तावस्थेत जाते, आणि आपल्याला बागकाम जमत नाही असा समज त्याच्या मनात घर करतो. मला या संचांविषयी सर्वांत मोठी तक्रार हीच करावीशी वाटते. पैसे गेल्याचे दुःख थोडे असते. परंतु पहिल्याच हंगामात नाउमेद झालेली माणसे पुन्हा मातीकडे वळत नाहीत. निळे गुलाब किंवा सप्तरंगी फुले दाखवणाऱ्या पाकिटांविषयी तर अधिक लिहिण्याचीही गरज नाही: असे बी अस्तित्वातच नाही.

पाकीट कसे वाचावे, हे या निमित्ताने सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे बियाण्यांसाठी १९६६ चा कायदा आणि १९६८ चे नियम आहेत आणि त्यांनुसार बियाण्याच्या खुणचिठ्ठीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणशक्ती, शुद्धता, वजन आणि विक्रेत्याचा पत्ता ही माहिती असावी लागते. चिठ्ठीचा रंगही अर्थपूर्ण असतो. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी आणि प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते. सत्यप्रत बियाण्याची चिठ्ठी फिकट हिरवी असते आणि तिच्यावरील मजकुराची जबाबदारी उत्पादकाची स्वतःची असते. घरच्या बागेसाठी भाजीपाल्याचे जे बियाणे आपल्या हाती येते ते बहुतांशी सत्यप्रत असते, आणि त्यात कमीपणाचे काही नाही. मात्र चिठ्ठी पूर्ण भरलेली असावी.

उगवणशक्तीच्या आकड्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. भेंडीच्या पाकिटावर ६५ टक्के हा आकडा पाहून अनेकांना ते बियाणे हलके वाटते. प्रत्यक्षात भेंडीसाठी किमान प्रमाणच ६५ टक्के आहे. टोमॅटो आणि वांग्यासाठी ते ७०, मिरची आणि गाजरासाठी ६०, तर कोथिंबिरीसाठी ६५ टक्के आहे. म्हणजे मिरचीच्या दहा बियांपैकी सहा रुजल्या, तर बियाणे कायद्याच्या दृष्टीने योग्यच ठरते, आणि घरच्या बागेत पेरणी करताना हा हिशेब धरूनच बिया टाकाव्यात. घरी पडताळणी करणे सोपे आहे. वीस बिया ओल्या सुती फडक्यात किंवा टिश्यू कागदात गुंडाळून, डब्यात झाकून, सावलीत ठेवाव्यात आणि फडके सुकू देऊ नये. टोमॅटोला साधारण आठवडा, मिरचीला दहा-बारा दिवस द्यावेत. वीसपैकी किती कोंब आले यावरून पाकिटाची लायकी पुरेशी स्पष्ट होते. माझ्या अनुभवात रंगीत संचातील भेंडी आणि चवळी या कसोटीवर ठीक उतरल्या, परंतु गाजर, कांदा आणि कोथिंबीर यांनी निराशा केली. त्याचे कारणही उघड आहे: कांदा आणि गाजर यांचे बी मुळातच अल्पायुषी असते आणि वर्षभरानंतर त्याची उगवण झपाट्याने घसरते, तर टोमॅटो, वांगी आणि वेलभाज्यांचे बी नीट साठवल्यास तीन-चार वर्षे टिकते. पाकिटावर चाचणीची तारीख का हवी, याचे याहून वेगळे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

आता भेंडीकडे वळते, कारण वाणाच्या नावाचे महत्त्व भेंडीइतके दुसरी कोणतीही भाजी शिकवत नाही. भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे हळद्या रोग. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या या विषाणूजन्य रोगात आधी पानांच्या शिरा पिवळ्या होतात, नंतर संपूर्ण पान पिवळे पडते आणि शेंगा फिकट, वाकड्या व निबर निघतात. एकदा झाड रोगाला बळी पडले की त्यावर उपाय नाही. ते उपटून टाकावे लागते. जुन्या काळी सर्वत्र लावली जाणारी पुसा सावनी ही भेंडी या रोगापुढे टिकेनाशी झाली, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात पुसा सावनीचा एका रानटी भेंडीशी संकर करून आणि पुढे पुन्हा पुन्हा निवड करून परभणी क्रांती हा वाण तयार झाला. बंगळुरूच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेची अर्का अनामिका हीदेखील अशाच रानटी नातेवाइकाच्या रक्तातून आलेली आहे. दोन्ही सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांचे बी पुढल्या वर्षासाठी घरी धरता येते.

माझ्या गच्चीवर एकाच पावसाळ्यात, एकाच आकाराच्या ग्रो बॅगांत, नाव नसलेली भेंडी आणि परभणी क्रांती शेजारी शेजारी होती. नाव नसलेल्या झाडांनी आरंभी उत्तम उंची घेतली, पण ऑगस्टच्या उत्तरार्धात त्यांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या, तर परभणी क्रांतीची झाडे गणपतीनंतरही शेंगा देत होती. या वाणाची शेंग सडपातळ, हिरवी आणि कोवळेपणी अत्यंत मऊ असते. मात्र ती एक दिवस जरी झाडावर अधिक राहिली तरी लगेच जून होते, म्हणून दर दुसऱ्या दिवशी तोडणी चुकवता येत नाही. अर्का अनामिकेची शेंग तुलनेने अधिक गडद आणि भरीव वाटली. रोगप्रतिकार कायमस्वरूपी नसतो, विषाणूही बदलत असतो, आणि म्हणून काही भागांत या वाणांवरही हळद्या दिसू लागला आहे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही घरच्या पाच-सहा झाडांसाठी आजही मी याच दोन वाणांची शिफारस करेन. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, थेट मोठ्या कुंडीत दोन सेंटिमीटर खोल लावावे आणि रोप उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नये, कारण भेंडीचे सोटमूळ दुखावले की झाड खुरटते.

टोमॅटोच्या बाबतीत निवड थोडी वेगळ्या प्रकारची आहे. अर्का रक्षक हा संकरित वाण पर्णगुच्छ (पाने वळून आकसण्याचा रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना प्रतिकार करण्यासाठी काढलेला आहे, आणि पर्णगुच्छामुळे ज्यांची टोमॅटोची झाडे वारंवार आकसून गेली आहेत त्यांनी तो अवश्य लावून पाहावा. फळ टणक, सालीने जाड आणि टिकाऊ असते. पण त्याचे बी महाग पडते आणि संकरित असल्यामुळे दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. त्याच्या फळातील बी पेरले तर पुढल्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत आणि प्रतिकारही विखुरतो. चवीला मात्र मला पुसा रूबी हा जुना सरळ वाण अधिक आवडतो. त्याची फळे किंचित चपटी, पातळ सालीची आणि आंबटगोड असतात, बाजारात नेण्याच्या कामाची नाहीत, आणि नेमके म्हणूनच ती घरच्या बागेत लावण्यासारखी आहेत. बाजारातील टोमॅटो वाहतुकीसाठी निवडलेला असतो. आपल्याला गच्चीवरून स्वयंपाकघरापर्यंतच जायचे असते. सार किंवा कोशिंबीर करून पाहिल्यावर हा फरक जिभेला कळतो.

मिरचीत राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती मला सर्वांत समाधानकारक वाटली. तिच्या मिरच्या एकेकट्या न लागता घोसाने लागतात, त्यामुळे मध्यम आकाराच्या कुंडीतही दोन झाडे एका कुटुंबाची रोजची गरज भागवतात. पुसा ज्वाला लांब, सुरकुतलेली आणि चांगली तिखट असते. तिच्यावर फुलकिडे आणि कोळी कीड यांचा त्रास मला अधिक जाणवला. मिरचीच्या रोपांबाबत एवढेच सांगते की बी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ नये आणि जूनच्या सरी रोपांच्या ट्रेवर थेट पडू देऊ नयेत, कारण पाणी साचले की रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. पाकिटातील बी गुलाबी, हिरवे किंवा निळे दिसले तर त्यावर बुरशीनाशकाचा थर आहे असे समजावे. ते हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, मुलांपासून दूर ठेवावे आणि उरलेले बी कधीही खाण्यात येऊ देऊ नये. ही सूचना पाकिटावर ठळक छापलेली असणे बंधनकारक आहे, तरी तिकडे घरगुती ग्राहकाचे लक्ष क्वचितच जाते.

पालेभाज्यांसाठी मी पाकिटावर पैसे खर्च करण्याचा सल्ला देणार नाही. मेथी आणि धणे किराणा दुकानातून आणावेत. ताजे, अख्खे, किडीने न पोखरलेले धणे घेऊन ते लाटण्याने हलकेच रगडले की प्रत्येक धण्याच्या दोन फाकी होतात, त्या रात्रभर भिजवून पेरल्या की दहा-पंधरा दिवसांत कोथिंबीर वर येते. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसू लागते. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, तो बियाण्याचा दोष नसतो. माठ, चुका आणि अंबाडी यांचे बी मात्र किराण्यात मिळत नाही. ते बियाण्यांच्या दुकानात वजनावर मिळते आणि अतिशय स्वस्त असते. माठाचे बी खसखशीसारखे बारीक असल्यामुळे ते कोरड्या वाळूत मिसळून फोकावे, नाहीतर एकाच ठिकाणी दाटी होते. पालकाचे ‘ऑल ग्रीन’ हे सरळ वाण पुण्याच्या हवेत थंडीत अनेक तोडे देते.

वेलभाज्यांचे बियाणे निवडताना कोकणातील वाण विसरू नयेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कोकण तारा हे कारले दोन्ही टोकांना निमुळते, काटेरी आणि गडद हिरवे असते, आणि जोराच्या पावसात वेल तग धरतो, कारण त्या हवेसाठीच त्याची निवड झालेली आहे. त्याच विद्यापीठाचा कोकण हरिता हा दोडका मांडवावर जोमाने पसरतो. काकडीसाठी राहुरीची हिमांगी घ्यावी. तिची पांढरी, कोवळी काकडी कोशिंबिरीसाठी उत्तम असते. कारल्याच्या बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या चोवीस तास भिजवून नंतर ओल्या फडक्यात बांधून उबदार जागी ठेवाव्यात आणि कोंब दिसल्यावर लावाव्यात. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात आणि मग फळे लहान असतानाच पिवळी पडून गळतात. लोक बियाण्याला दोष देतात, पण दोष परागीभवनाचा असतो. अशा वेळी नरफूल तोडून त्याचे पराग मादीफुलावर फिरवावेत. कारल्याची फुले पहाटे उमलतात, म्हणून त्यांना सकाळी हात लावावा. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्याकडे दिवेलागणीला जावे. हा बारकावा मला कोणत्याही पाकिटावर छापलेला आढळला नाही, आणि तो छापण्यास काही खर्चही येत नाही.

गावठी बियाण्यांविषयी मी विशेष आस्थेने लिहिते आहे. महाराष्ट्रात या विषयाकडे सर्वसामान्य माणसाचे लक्ष वळले त्यात राहीबाई पोपेरे यांचा वाटा फार मोठा आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी त्यांनी वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचे स्थानिक वाण जपले, बायफ संस्थेच्या साहाय्याने बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामामुळे शहरातील माणसालाही कळले की वाल म्हणजे एकच वाल नव्हे. पांढरा, जांभळा, रुंद शेंगेचा, बारीक शेंगेचा, बी खाण्याचा आणि शेंग खाण्याचा, असे त्याचे कितीतरी प्रकार एकेका खोऱ्यात टिकून आहेत.

मी एका बचत गटाच्या स्टॉलवरून घेतलेले जांभळ्या शेंगांच्या वालाचे बी कागदाच्या साध्या पुडीत होते आणि पुडीवर हाताने गावाचे नाव आणि पेरणीचा महिना लिहिलेला होता. कायद्याच्या चिठ्ठीच्या तुलनेत ही माहिती तोकडी होती, हे खरे. परंतु ज्या बाईंनी ते विकले त्यांनी हा वेल किती पसरतो, कोणत्या महिन्यात फुलावर येतो आणि शेंग कितपत भरल्यावर तोडायची, हे तोंडी इतके नेमके सांगितले की छापील पत्रकाची उणीव भासली नाही. बहुतेक बिया रुजल्या. येथे ग्राहकाने एक गोष्ट समजून घेतली पाहिजे: गावठी वाल दिवस लहान होण्याची वाट पाहतो. जूनमध्ये पेरला तरी तो पावसाळाभर केवळ पाने आणि वेल वाढवत राहतो आणि दिवाळीच्या आसपास फुलावर येतो. ज्यांच्याकडे मांडवाला जागा नाही आणि ज्यांना लवकर शेंगा हव्यात, त्यांनी दापोलीचा कोकण भूषण लावावा. तो झुडपासारखा ठेंगणा वाढतो, दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसतो आणि दोन महिन्यांच्या आत शेंगा देतो. माझ्या पसंतीत मात्र चवीच्या बळावर गावठी वाल पुढे आहे. त्याच्या शेंगांना जो उग्र, हिरवा सुगंध असतो तो कढईत तेल तापून शेंगा पडताक्षणी घरभर होतो, आणि सुधारित वाणात तो मला तितका सापडलेला नाही.

गावठी बियाण्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. काकडी, भोपळा, दोडका यांसारख्या वेलांत परपरागीभवन होते, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जातात, त्यामुळे ज्याने शेजारी दोन प्रकार लावले असतील त्याच्या बियांतून पुढे सरमिसळ झाडे निघू शकतात. टोमॅटो, वाल, चवळी आणि गवार ही पिके बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतात, म्हणून त्यांचे गावठी बी अधिक भरवशाचे असते. स्टॉलवर विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे: या वेलाशेजारी दुसरा प्रकार लावला होता का? ज्याने स्वतः बी धरले आहे तो याचे उत्तर न अडखळता देतो.

फुलांच्या बियाण्याचा बाजार भाज्यांपेक्षाही अधिक विस्कळीत आहे. झेंडूचे उदाहरण घ्यावे. मोठ्या फुलाचा आफ्रिकन झेंडू आणि ठेंगणा, लहान फुलांचा फ्रेंच झेंडू यांचे बी दिसायला सारखेच असते, पण फ्रेंच झेंडू दोन महिन्यांच्या आत फुलतो, तर दिल्लीच्या संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा नारंगी या आफ्रिकन वाणाचा तेथील नोंदलेला काळ पेरणीपासून सव्वाशे दिवसांच्या पुढे आहे. दसऱ्याला तोरणासाठी घरची फुले हवी असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो. ‘झेंडू, मिश्र रंग’ असे लिहिलेले पाकीट ऑगस्टमध्ये पेरणाऱ्याच्या हाती दसऱ्याला फुले येतील की फक्त पाने, हे त्या पाकिटावरून कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

याउलट अ‍ॅस्टरच्या फुले गणेश मालिकेने मला अपेक्षेपलीकडचे समाधान दिले. पुण्यातील गणेशखिंडच्या संशोधन केंद्रात निपजलेले हे वाण पांढरा, गुलाबी, जांभळा आणि निळसर जांभळा अशा रंगांत वेगवेगळे मिळतात, म्हणजे रंग निवडून लावता येतो. फूल भरगच्च पाकळ्यांचे असते, दांडा लांब असतो, आणि फुलदाणीत ते आठवडाभर सहज टिकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी ट्रेमध्ये पेरावे, वर गाळलेल्या गांडूळखताचा अगदी पातळ थर द्यावा आणि चार-पाच पानांवर रोपे आठ इंची कुंडीत हलवावीत. नाताळाच्या सुमारास गच्चीवर उभे राहिले की ही फुले नजरेत भरतात. खरेदी करताना एकच पथ्य: अ‍ॅस्टरचे बी फार लवकर उगवण गमावते, म्हणून मागील वर्षीचे बी कितीही सवलतीत मिळाले तरी घेऊ नये.

पावसाळ्यासाठी तेरडा, कॉसमॉस आणि झिनिया ही तीन फुले नवशिक्याला कधीही दगा देत नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत साधे पाकीटही चालते. गोकर्णाच्या कठीण बियांना सॅंडपेपरने किंचित घासून रात्रभर भिजवले की त्या लवकर रुजतात. पिटुनियाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या एका ग्रॅममध्ये जवळपास १०,००० बिया असतात, त्यांना रुजण्यासाठी प्रकाश लागतो आणि त्या मातीखाली गाडल्या की उगवत नाहीत. ओल्या कोकोपीटवर नुसत्या पसरून वर पारदर्शक झाकण ठेवावे लागते. बागकामाच्या पहिल्या वर्षी पिटुनियाची तयार रोपे घेणेच शहाणपणाचे आहे.

उरलेले बी साठवण्याविषयी एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला, किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले, तर त्यांचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. जुन्या घरांत भोपळ्याच्या आणि दोडक्याच्या बिया शेणात थापून भिंतीला लावत आणि कडधान्याचे बी राखेत घोळवून मडक्यात ठेवत, त्यामागे बी कोरडे आणि कीडमुक्त राखण्याचाच हेतू होता. आज घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी सिलिका जेलची पुडी आणि फ्रिजचा खालचा कप्पा एवढे पुरते. सत्यप्रत असो वा प्रमाणित, पाकीट फोडल्यावर ते पावसाळ्यात उघड्या फळीवर ठेवले तर दमट हवेत काही आठवड्यांतच उगवण खाली येते.

आता खरेदीच्या सोयीविषयी. संस्थांचे आणि विद्यापीठांचे बियाणे गुणवत्तेत सरस असले तरी ते शेतकऱ्याला नजरेसमोर ठेवून भरलेले असते. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३०० बिया असतात. दहा ग्रॅमची पुडी घेणाऱ्या घरगुती ग्राहकाच्या हाती तीन हजार झाडांचे बी येते आणि त्याला लागतात फक्त सहा. विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर हंगामाच्या तोंडाशी गर्दी असते आणि लोकप्रिय वाण लवकर संपतात. परभणीच्या विद्यापीठाचा वर्धापनदिन १८ मे रोजी असतो आणि खरीप हंगामाच्या बियाण्यांची विक्री त्या सुमारास सुरू होते, हे लक्षात ठेवल्यास धावपळ वाचते. बंगळुरूच्या संस्थेने आणि राष्ट्रीय बियाणे महामंडळाने ऑनलाइन विक्री सुरू केल्यापासून शहरातील माणसाची पुष्कळ सोय झाली आहे. जवळच्या परवानाधारक बियाणे दुकानातही हे वाण विचारल्यास मिळतात. दुकानदाराकडून लॉट क्रमांक लिहिलेली पक्की पावती मागून घ्यावी, कारण बियाणे उगवले नाही तर तक्रारीला आधार तोच असतो.

मोठ्या पुडीवर आमच्या सोसायटीत आम्ही एक व्यवस्था बसवली आहे. मे महिन्याच्या अखेरीस चार-पाच घरे मिळून भेंडी, मिरची, कारले आणि अ‍ॅस्टर यांचे बियाणे एकत्र घेतात, लहान कागदी पुड्यांत वाटतात आणि प्रत्येक पुडीवर वाण, लॉट क्रमांक आणि चाचणीची तारीख मूळ चिठ्ठीवरून उतरवून लिहितात. असे केल्यावर प्रत्येक घराला रंगीत संचाच्या निम्म्याहून कमी खर्चात, नावानिशी माहीत असलेले बियाणे मिळते.

विद्यापीठांना आणि बियाणे महामंडळांना माझी एक कळकळीची सूचना आहे. भेंडीच्या ५ ग्रॅमच्या आणि मिरची, टोमॅटो, अ‍ॅस्टर यांच्या अर्ध्या ग्रॅमच्या पुड्या त्यांनी वर्षभर उपलब्ध कराव्यात, त्यांच्या पाठीमागे महाराष्ट्रातील हंगामानुसार पेरणीचे महिने, पेरणीची खोली आणि कुंडीचा किमान आकार मराठीत छापावा, आणि सरळ वाण की संकरित वाण हे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहावे. तोवर भेंडीसाठी परभणी क्रांती, मिरचीसाठी फुले ज्योती, कारल्यासाठी कोकण तारा, थंडीतील फुलांसाठी फुले गणेश अ‍ॅस्टर आणि मांडवासाठी ओळखीच्या हातून आलेला गावठी वाल, अशी यादी घेऊन दुकानात जावे.